चंद्रावरचा जगन

सर्वपित्री अमावास्येच्या त्या रविवारी पनवेलच्या उरण नाक्याजवळील घरतांच्या घरात सकाळपासून चूल विझली नव्हती, आणि चुलीपुढे बसून वडे थापणाऱ्या मनिषेच्या मनालाही उसंत नव्हती. काळ्या वाटाण्यांची आमटी उकळत होती, भोपळ्याची भाजी परतून झाली होती, खिरीवर साय धरत होती. हात सवयीने फिरत होते. ज्याच्यासाठी ती सात वर्षे हे वडे थापीत आली होती, तो तिचा पती जगन माजघरातल्या तसबिरीतून, लग्नाच्या फेट्यासह, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होता. त्याचे पान आज आपण शेवटचे वाढणार, असे तिने मनाशी धरले होते. निदान तसे ठरले तरी होते.

ठरवणारी माणसे दोन. एक तिची नणंद गोदू, जी जासईला दिलेली होती. जासईत तिच्या परसामागे कमळाकर नावाचा एक विधुर राहत असे. बंदरात क्रेन चालवण्याची नोकरी, पदरी एक लहान मुलगी, आणि दारूचे व्यसन नाही. गोदूने त्याचे स्थळ वहिनीसाठी आणले होते. नणंदेने भावजयीसाठी स्थळ आणावे, ही गोष्ट जगात फारशी घडत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे.

दुसरा तिचा धाकटा दीर परेश. तो बी.एस्सी. झालेला होता आणि तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता. "बाबांशी मी बोलतो, वहिनी," त्याने गणपतीतच वचन दिले होते. "सर्वपित्रीला सगळे जमतील तेव्हा सगळ्यांदेखत बोलतो. विषय शेवटी सायन्सचा आहे."

विधवेच्या पुनर्विवाहाचा विषय विज्ञानाचा कसा होऊ शकतो, हे घरतांच्या घराबाहेरच्या माणसाला समजणे कठीण आहे. त्यासाठी जगनच्या मरणाकडे वळावे लागेल.

त्या काळी हे कुटुंब खाडीकाठी, आपल्या मिठागराच्या बांधाशी राहत होते. मिठागर चंद्राच्या हुकमाने चालते. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वर ओढावयाची, खाडीचे पाणी आत घ्यावयाचे आणि वेळेवर फळी खाली सोडावयाची, एवढ्या एका कामावर घरतांच्या तीन पिढ्या जगल्या. होळी पौर्णिमेच्या रात्री, सारा गाव होळीभोवती नाचत असताना, जगन एकटा कंदील घेऊन उघाडीवर गेला. त्या रात्रीचे उधाण नेहमीचे नव्हते. बांध फुटला, आणि ओसरत्या पाण्याने त्याला खाडीत ओढून नेले. पुढे करंजाच्या कोळ्यांना तो समुद्रात सापडला. मनिषेच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

जगनचे वडील बळीरामबाबा त्यानंतर अन्नाला शिवेनात. कोणीतरी त्यांना कोन गावच्या मठात नेले. तेथील महाराजांनी त्यांना जवळ बसवून सांगितले, "ज्या चंद्राने उधाण आणले, त्यानेच तुझ्या मुलाला वर ओढून घेतले. पितृलोक चंद्रावरच आहे. तुझा मुलगा तिथे आहे. त्याच्या पत्नीने पौर्णिमेला सोडलेले पाणी त्याला पोचेल. ते बंद पडले तर तो तहानेने व्याकूळ होऊन खाली पडेल." त्या शब्दांवर बळीरामबाबा उठले, जेवले, पनवेलला घर बांधते झाले, विटांचा धंदा त्यांनी नावारूपाला आणला. आणि मनिषेने दर पौर्णिमेला गच्चीवर जाऊन चंद्राला पाणी सोडावे, तोवर स्वतः पाण्याचा थेंब घेऊ नये, असा नियम त्या घरात झाला. पावसाळ्यात ढग हटत नसत तेव्हा हा नियम फार लांबे.

परंतु चंद्रावर पितर राहतात असे मानले की एक अडचण उभी राहते. माणसे तेथे जाऊन आली होती, आणि धूळ व दगड यांवाचून त्यांना काही आढळले नव्हते. महाराजांपाशी याचेही उत्तर होते. कोणी गेलेच नाही. चंद्र सूर्याच्याही वर आहे असे पुराण सांगते, तर सूर्य ओलांडून हे गेले कसे? ती सारी चित्रे अमेरिकेच्या वाळवंटात पडदे लावून काढली. पितरांच्या अंगणात बुटांनी फिरायला कोणाला मिळते?

बळीरामबाबांनी त्या चांद्रवीराचे निशाणासह असलेले चित्र मठातून आणून, चौकटीत बसवून ओटीवर लावले होते. त्यावर लाल शाईने बाण काढलेले होते. सिलिंडर घेऊन येणारा, मीटर पाहणारा, लग्नपत्रिका घेऊन येणारे सोयरे, सगळ्यांना ते त्या चित्रापुढे उभे करीत. "तिथं वारा नाय बोलतात ना? मंग ह्यो निशाण कसा फडकतो? आनि तारे बघ. हायत का कुठं? आमच्या मिठागरावरनं दिसायचे, आनि ह्यांना चंद्रावरनं दिसत नाय." एखादा नवखा पाहुणा देवांच्या शेजारी लावलेले चित्र पाहून भक्तिभावाने हात जोडी, तेव्हा बळीरामबाबा त्याच्यावर असे काही उखडत की त्याचा चहा घशाखाली उतरत नसे.

परेश मात्र वडिलांना सोडत नसे. "बाबा, निशाणाच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली आहे, म्हणून ते ताठ आहे. ऊन एवढं कडक असताना कॅमेऱ्यात तारे येत नाहीत." दर कोजागिरीला आटीव दूध समोर ठेवून बापलेकांची ही लढाई जुंपत असे आणि दूध थंड होई. मनिषा दाराआड उभी राहून ऐकत असे. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. दांडीचे तिला पटे. पण एखादी गोष्ट पटणे आणि पुढच्या पौर्णिमेला पाणी न सोडणे, यांत फार अंतर असते.

"ताई, मीठ बघा हं आमटीचं," जाऊ अनुया दारात येऊन म्हणाली. परेशची ही पत्नी एम.ए. झालेली, पनवेल गावातलीच, बोलण्यात मधाळ. "आणि एक विचारू का? कमळाकरांची मुलगी सहा वर्षांची ना? दुसरीच्या मुलीला आपलं म्हणणं सोपं नसतं बाई. मी तर धास्तावले असते."

"तुम्हांला कशाची धास्ती, अनुया?"

"तुमचीच. दुसरं काय. आता आईंचे गुडघे, बाबांचं पथ्य, सगळं तुमच्या हाताला सवयीचं झालंय."

मनिषेने तेलात वडा सोडला. जावेची धास्ती कोणत्या गुडघ्यांविषयी होती ते तिला न कळण्याइतकी ती भोळी राहिली नव्हती. ती म्हणाली, "गुरुवारी तुम्ही गणपतीला दूध पाजायला रांगेत होतात म्हणे."

त्या गुरुवारी साऱ्या देशात देवाच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची वार्ता पसरली होती, आणि पनवेलच्या देवळांबाहेरही रांगा लागल्या होत्या.

"होते. हे म्हणाले, तो पृष्ठताणाचा परिणाम आहे. असेल. पण चमच्यातलं दूध कमी होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ताई. यांची ती निशाणातली दांडी मी कधी पाहिलेली नाही." असे म्हणून ती वाट्या घेऊन निघून गेली.

मनिषा केळीची पाने आणावयास मागच्या पडवीत गेली, तेव्हा तेथे सासूबाई वेणू परेशचे मनगट धरून उभ्या होत्या. म्हातारी त्याच्या कानाशी काही बोलत होती. मनिषेला शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले. "माज्यासाठी एवढं कर." परेशने वहिनीला पाहिले आणि हात सोडवून घेतला. "पानं किती लागतील, वहिनी? कापून देतो," असे तो म्हणाला खरा, पण विळी न घेताच घरात गेला.

भटजी आटोपून गेले. माजघरात पाने मांडली. जगनचे पान नेहमीप्रमाणे तसबिरीखाली, दक्षिणेकडे तोंड करून. घरतांच्या घराण्यात या पानाची एक जुनी शिस्त होती. घरची माणसे जेवून होईपर्यंत मृताचे पान हलवावयाचे नाही, आणि ते समोर असेतो कोणी खोटे बोलावयाचे नाही. बळीरामबाबांच्या आज्याने बांधाच्या हद्दीवरून भाऊबंदांत उठलेले तंटे पोलिसांपर्यंत जाऊ न देता याच दिवशी, याच शिस्तीवर मिटवले होते. त्यामुळे या घरात सर्वपित्रीच्या पंगतीला लोक जरा जपूनच तोंड उघडीत.

वडे संपले, खीर संपली. बळीरामबाबांनी गोदूकडे पाहिले.

"बोल काय ते. जासईवरनं तू नुसते वडे खायला नाय आलीस."

"तुमी वळखलंत त बरं जालं," गोदू म्हणाली. "मनिषावयनीचं बोलायचं व्हतं. आमच्या मागं तो कमळाकर हाय. तुमी पायलाय त्याला, माज्या दिराच्या लग्नात. त्याच्या घरचे वयनीला मागतात."

मनिषा दाराशी उभी होती. आता घर डोक्यावर घेतले जाणार, या अपेक्षेने तिने चौकट धरली. परंतु बळीरामबाबांनी शांतपणे विचारले, "मानूस कसा हाय?"

"बरा हाय. पीत नाय. पोरीला सोताच्या हातानं वेणी घालतो."

"मी कुठं बोलतो वाईट हाय." त्यांनी पानावरचे शेवटचे शीत टिपले. "पुनवेचं पानी कोन सोडील?"

"मी सोडीन. भाव व्हता माजा."

"बहिनीचं पोचत नाय. इचारलंय मी महाराजांना. बायको दुसऱ्याची जाली का तिचंबी पोचत नाय."

"वन्सं, बाबांचं म्हणणं एवढंच की घाई करू नये," अनुया हळूच म्हणाली.

"घाई?" गोदू तिच्याकडे वळली. "सात वर्सं जाली, अनुया. तुला सकालचा चा जरा उशिरा आला त तू कपाळाला बाम लावतेस. आनि वयनीनं म्हातारी व्हईस्तवर थांबायचं?"

"कपाळाचा काय संबंध इथे?"

"नाय त काय. चा कोन करतं ते सांग."

परेशने बायकोकडे पाहिले नाही आणि बहिणीकडेही पाहिले नाही. तो भाताची शिते बोटाने एका रांगेत लावीत होता. मनिषेला वाटले, तो शब्द जुळवतो आहे. शिकलेला मनुष्य बोलण्यापूर्वी विचार करतो.

तोवर आपणच काही बोलले पाहिजे असे तिला वाटले. "बाबा, मी या घराला कंटाळून जात नाही. मी एकदाही चुकवलं नाही. तापात सोडलं, पाऊस थांबेना तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी राहिले. पण माझं वय निघून चाललंय. तुम्ही मला... तुम्ही मोकळी केलीत तरच मी जाईन. चोरून नाही जाणार."

बळीरामबाबांनी तिच्याकडे पाहिले. ते तिच्यावर कधीच ओरडले नव्हते. बाजारातून येताना तिच्या आवडीचे ताडगोळे आणणारा हा सासरा होता, आणि त्याच्या प्रेमाचा फास तिला म्हणूनच सोडवता येत नव्हता.

"तुला काय वाटतं, पोरी? जगन हाय का नाय तिथं?"

"मला माहीत नाही, बाबा."

"मना म्हाईत हाय." त्यांनी मान परेशकडे वळवली. "पन ह्यो नाय बोलतो. ह्यो बोलतो तिथं दगड हायत. सात वर्सं आमच्यात हेच चाललंय. बरं. आज ह्याचा निकाल लावू. परेश, वर बघ."

परेशने वर पाहिले.

"भावाचं पान तुज्यासमोर हाय. मी महाराजांना इचारनार नाय, मास्तरांना इचारनार नाय. घरात शिकलेला तू. सांग, मानसं चंद्रावर गेली व्हती का नाय? गेली बोललास त मी समजन तिथं कोन नाय, आनि आजच्या आज हिला गोदूबरोबर लावून देईन. नाय गेली बोललास त ह्या घरात ह्यो इषय पुन्यांदा निघायचा नाय. मी मेल्यावरबी नाय."

गोदूने वहिनीकडे पाहून किंचित मान हलवली. तिच्या दृष्टीने काम झाले होते. मनिषेलाही तसेच वाटले. जो शब्द परेश दर कोजागिरीला ओरडून सांगत आला होता, तो आता फक्त एकदा हळू आवाजात सांगावयाचा होता. तिला आपल्या सासऱ्याची दया येऊ लागली. हरणार हे ठाऊक नसलेला मनुष्य पैज लावतो, तसे ते मांडी घालून बसले होते.

परेशने आईकडे पाहिले. वेणूबाई जगनच्या पानाकडे पाहत होत्या.

"नाही गेली," परेश म्हणाला.

"काय बोललास?" गोदूने विचारले.

"कोणी गेलं नाही चंद्रावर. बाबा म्हणतात तेच बरोबर असेल. निशाण फडकताना दिसतंच आहे. वाऱ्याशिवाय ते कसं फडकेल?"

"पानासमोर, परेश."

"पानासमोरच बोलतोय, गोदूताई."

अनुयाने सुस्कारा सोडला आणि पदर सारखा केला. मनिषेला प्रथम राग आला नाही. तिला लाज वाटली. भरल्या पंगतीत कोणाचे धोतर सुटावे आणि आपण नेमके तिकडेच पाहत असावे, तशी. मग तो धक्का खाली उतरत गेला. ती उंबऱ्यावर बसली. पुढची पौर्णिमा कोजागिरीची, त्यापुढची त्रिपुरी, त्यापुढची दत्ताची, अशा साऱ्या पौर्णिमा तिच्यापुढे एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीच्या हातात पळी होती.

बळीरामबाबांनी विजयाने मांडीवर थाप मारावयास हवी होती. ते परेशच्या बाजूला सरकले.

"आनि दांडी?" त्यांनी विचारले.

"कसली दांडी?"

"निशाणात आडवी दांडी हाय ना? तूच बोललास. कागदाला उदबत्तीची काडी लावून दाखवली व्हतीस मना. मी ती काडी मोडून टाकली व्हती."

"ते कुठेतरी वाचलं होतं मी. खोटं असेल."

"तारे?"

"दिसायला हवे होते."

"सावल्या इकडंतिकडं पडतात म्हून मी बोललो, तवा तू बोलला व्हतास का जमीन वरखाली असली का पडतात."

"नाही बाबा. तुमचं बरोबर आहे. सावल्या चुकल्याच आहेत."

प्रत्येक प्रश्नागणिक परेशचा आवाज खाली जात होता, आणि प्रत्येक उत्तरागणिक बळीरामबाबांचा चेहरा. ज्या ज्या ठिकाणी मुलगा वाद घाली, त्या त्या ठिकाणी ते हात लावून पाहत होते, आणि हात पोकळीत जात होता. मनिषेने हे सर्वांआधी ओळखले. सात वर्षे दाराआड उभे राहून तिने त्या दोघांच्या आवाजांची चढउतार ऐकली होती. वादात परेश कधी "तुमचं बरोबर आहे" म्हणाला नव्हता.

"तू भांडायचास तवा मना बरं वाटायचं," बळीरामबाबा म्हणाले. "वाटायचं, ह्यो मना मानतो. माजं म्हननं खोडायला ह्याला जोर लावाया लागतो. म्हंजे माज्या म्हनन्यात जोर हाय." त्यांनी हात धुण्यासाठी तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला. "आज तू मना सोडून दिलंस. येड्याला देतात तसं."

"बाबा, मी खरंच सांगतो—"

"कोनी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"सकाली मागल्या दारी कोन व्हतं तुज्याबरोबर?"

बळीरामबाबांनी पत्नीकडे पाहिले. वेणूबाईंनी नजर चुकवली नाही.

"डाक्तर बोलला, तुमाला धक्का सोसनार नाय," त्या म्हणाल्या. "मी ह्याला बोलले, आजच्या दिवस म्हाताऱ्याचं राख."

"म्हंजे तुला म्हाईत हाय."

"मना काय म्हाईत असनार? मी कुठं गेलते चंद्रावर?"

"तुला म्हाईत हाय, वेणू. तिथं तुजा पोरगा हाय असं तुला वाटलं असतं, त तू ह्याच्या तोंडाला कशाला भ्याली असतीस? जे खरं असतं ते राखाया लागत नाय."

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने वेणूबाईंना एवढे मोठे वाक्य शांतपणे कधी ऐकवले नव्हते.

"किती वर्सं?" बळीरामबाबांनी विचारले.

"काय किती वर्सं?"

"किती वर्सं तुला म्हाईत हाय?"

वेणूबाईंनी पदर तोंडाला लावला. बळीरामबाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. त्यांना धक्का बसून ते कोसळतील म्हणून अनुया पुढे झाली, परंतु ते कोसळले नाहीत. माणसे वाटतात तशी कोसळत नाहीत. ते दारापाशी आले आणि उंबऱ्यावर बसलेल्या सुनेसमोर थांबले.

"ऊठ, पोरी. गोदूबरोबर जा."

"बाबा, पण ठरलं ते उलट होतं," अनुया म्हणाली. "हे तर नाही गेली म्हणाले. आणि आज अमावास्या आहे, आज कोणी घराबाहेर..."

"मी खऱ्यावर शब्द दिला व्हता. खरं काय ते मना कळलं. आनि अवस कुनाची? आता अवस काय न् पुनव काय."

परेश उठून त्यांच्या मागे आला. "बाबा, ऐका. मी तुमच्यासाठी केलं. तुमची तब्येत—"

"तू भावाच्या पानासमोर खोटं बोललास," बळीरामबाबा त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "तुजं काय चुकत नाय. पानात कोन नाय हे तुला म्हाईत व्हतं. पन मी तुला आता कवा काय इचारनार नाय. कसलंच."

ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतले. आतून कडीचा आवाज आला नाही, एवढेच घरातल्यांना बरे वाटले.

माजघरात उष्टी पाने तशीच पडली होती. गोदू भावाला म्हणाली, "वयनीला दगा दिलास तो दिलास. बाबालाबी नाय वाचवलास. तुजं शिक्षान कुनाच्या कामाला आलं रं?" परेश खांबाला टेकून उभा राहिला. त्याची बायको त्याच्या हाताला धरू लागली, तेव्हा त्याने हात झटकला, आणि मग ज्या गोष्टीसाठी तिने सकाळपासून एवढा मधाळपणा खर्च केला होता ती हातची गेली हे लक्षात येऊन अनुया रडू लागली. तिचे रडणे खोटे नव्हते. आता गुडघे तिच्या वाट्याचे होते.

मनिषा आपल्या खोलीत येऊन ट्रंकेतल्या साड्या पिशवीत भरू लागली. हे काम आनंदाने करण्याचे तिने कितीदा मनात घोळवले होते. तिला वाटले होते, अंग हलके होईल. परंतु हात जड झाले होते. साड्यांच्या घड्या मोडत होत्या आणि पुन्हा घालाव्या लागत होत्या.

कारण एक गोष्ट तिने गोदूला सांगितली नव्हती, परेशला तर नाहीच. गच्चीवर पाणी सोडताना ती जगनशी बोलत असे. पहिल्या वर्षी रडून, नंतर साध्या आवाजात. अनुयाचे टोमणे, विटांच्या भट्टीवरच्या बायकांच्या गमती, सासूचे दुखणे. कमळाकरचे स्थळ आले तेही तिने सर्वांआधी त्यालाच सांगितले होते, नारळी पौर्णिमेला, आणि रागवलास का असेही विचारले होते. वर धूळ आहे, दगड आहेत हे तिला परेशमुळे पटलेले होते. तरीही ती बोलत होती. चंद्रावर जगन आहे हे मानण्याचे काम बळीरामबाबांनी सगळ्यांच्या वतीने पत्करले होते, म्हणून तिला ते मानावे लागत नव्हते आणि सोडावेही लागत नव्हते. आता तो माणूस त्या कामावरून उठला होता.

सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडावर पाणी मारलेले होते, पण पुसले नव्हते.

"जालं तुजं?"

"होत आलं, आई."

"तुला मोकळं करायला काय लागलं असतं? मी बोलले असते त्यांना, दोन वर्सांनी बोलले असते. हळू हळू. तुमाला आजच पायजे व्हतं."

"मी बाबांना दुखवायला नाही..."

"तू कशाला दुखवशील. तू त चाललीस. तुला दुसरा नवरा घावला. मना दुसरा जगन कोन देनार?" त्यांनी पदराने तोंड पुसले. "रोज निजताना बोलायचे ते. ऊन लई असल तिकडं, नाय त थंडी असल. आज जगन काय करत असल, असं इचारायचे मना. मी बोलायचे, निजला असल. मग निजायचे ते. आता आज कायबाय बोलतील का नाय ते बघते."

मनिषा खाली वाकली. वेणूबाईंनी पाय मागे घेतले नाहीत, पुढेही केले नाहीत. बाहेरून गोदूची हाक आली, की उरणची गाडी लागली असेल, आता निघा.

"आई," मनिषा म्हणाली, "मी जासईहून पाणी सोडीन. दर पुनवेला. कमळाकरांना मी गोदूवन्संकडून आधीच सांगितलंय, ते हो म्हणालेत. मी चुकवणार नाही."

वेणूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले.

"कुनाला?"

टोमणा असता तर मनिषेला सोसला असता, तिला टोमण्यांची सवय होती. पण म्हातारी उत्तराची वाट पाहत उभी होती. गोदूने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मनिषेने पिशवी उचलली, आणि सासूच्या अंगाला लागू नये अशा बेताने ती दारातून तिरकी होऊन बाहेर पडली.